जुन्या शाळागृहाचे ऋण : फिलाडेल्फियातील कॅथलिक माध्यमिक शाळा आणि इमारतनिधीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी शिक्षणव्यवस्थेच्या बरोबरीने कॅथलिक समाजाने आपली स्वतंत्र शाळाव्यवस्था उभी केली. या शाळांच्या इमारती मुख्यतः दोन कालखंडांतील आहेत. पहिला कालखंड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंतचा, तर दुसरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांचा. पहिल्या कालखंडातील इमारती दगडविटांच्या, उंच छताच्या आणि वाफेवर चालणाऱ्या उष्णतायंत्रणेच्या आहेत. दुसऱ्या कालखंडातील इमारती वाढत्या लोकसंख्येची निकड भागविण्यासाठी घाईने बांधल्या गेल्या. त्यांची छपरे सपाट, खिडक्या एकपदरी काचेच्या आणि नळांभोवतीची वेष्टने बहुधा ॲस्बेस्टॉसची असत. दोन्ही प्रकारच्या इमारतींचे आयुष्य आता उताराला लागले आहे. विजेच्या तारा आजच्या यंत्रसामग्रीचा भार पेलण्यास असमर्थ आहेत, प्रयोगशाळा कालबाह्य झाल्या आहेत आणि अपंग विद्यार्थ्यास वरच्या मजल्यावर जाण्याची सोय अनेक ठिकाणी नाही.

अशा शाळेच्या आधुनिकीकरणासाठी निधी गोळा करणे ही वरवर पाहता हिशेबाची बाब वाटते. किती खर्च येईल, किती देणगीदार मिळतील आणि किती वर्षांत रक्कम जमेल, एवढेच प्रश्न समोर येतात. परंतु या हिशेबाच्या मुळाशी एक सामाजिक प्रश्न दडलेला आहे. पूर्वी या इमारतींची निगा राखणे कसे परवडत होते आणि आता ते का परवडत नाही, याचा शोध घेतला असता असे दिसून येते की, आजची निधिमोहीम ही एका नाहीशा झालेल्या आधाराची जागा भरून काढण्याचा प्रयत्न होय. हा आधार बदलताना शाळेचे आश्रयदातेही बदलतात, आणि शाळा कोणासाठी चालवावयाची या प्रश्नाचे उत्तरही बदलू शकते. फिलाडेल्फिया शहराच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते.

२. व्रतस्थ श्रमाचे भांडवल

१८८४ मध्ये बॉल्टिमोर येथे भरलेल्या तिसऱ्या महापरिषदेत अमेरिकन बिशपांनी असा नियम केला की, प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची शाळा असावी. नियमाचे पालन सर्वत्र झाले नाही; तथापि शाळांची वाढ झपाट्याने झाली. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅथलिक प्राथमिक व माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या ५२ लाखांच्या घरात पोचली होती आणि शाळा सुमारे १३,००० होत्या. २०२० नंतर शाळांची संख्या ६,००० च्या खाली गेली असून विद्यार्थी १७ लाखांच्या आसपास आहेत.

आयरिश, इटालियन, पोलिश, जर्मन अशा स्थलांतरित कामगारांच्या वर्गणीवर एवढा मोठा पसारा चालला, याचे रहस्य शिक्षकवर्गाच्या रचनेत आहे. १९५० मध्ये या शाळांतील शेकडा ९० शिक्षक धर्मभगिनी, धर्मबंधू किंवा धर्मगुरू होते. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले असल्यामुळे त्यांना मिळणारे मानधन नाममात्र असे आणि तेही त्यांच्या धर्मसंघाकडे जात असे. म्हणजे शाळेच्या खर्चाचा जो सर्वांत मोठा भाग, वेतन, तोच जवळजवळ वगळला गेला होता. धर्मग्रामाने रविवारी जमणाऱ्या दानातून कोळसा, रंग आणि छपराची डागडुजी केली की शाळा चालत असे. हिशेबाच्या वहीत कोठेही न नोंदलेले हे श्रम हाच या शाळांचा खरा कायमनिधी होता.

१९६५ मध्ये अमेरिकेत धर्मभगिनींची संख्या सुमारे १,८०,००० होती. २०२२ पर्यंत ती ४०,००० च्या खाली आली. १९७० मध्येच शिक्षकवर्गातील व्रतस्थांचे प्रमाण निम्म्याच्या किंचित खाली उतरले होते. आज ते शेकडा तीनच्या आसपास आहे. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थाश्रमी शिक्षकांना कुटुंब पोसण्याइतके वेतन देणे न्याय्य आणि अपरिहार्य होते. परिणामी विद्यार्थ्यांचे शुल्क वाढले, आणि वाढलेले शुल्क वेतनात संपू लागल्यामुळे इमारतीचा खर्च दरवर्षी पुढे ढकलला गेला. गळणारे छप्पर एका वर्षापुरते सांधता येते, पण त्याच उपायाने तीस वर्षे काढली की दुरुस्तीचे रूपांतर पुनर्बांधणीत होते.

याच सुमारास कॅथलिक कुटुंबे शहरांच्या मध्यभागातून उपनगरांकडे गेली. जुन्या शाळांतील विद्यार्थी घटले, परंतु इमारतीचा खर्च त्या प्रमाणात घटला नाही. अर्ध्या रिकाम्या इमारतीलाही पूर्ण छप्पर लागते आणि हिवाळ्यात सर्व मजले उबदार ठेवावेच लागतात. फिलाडेल्फियातील कार्डिनल डॉगर्टी हायस्कूल १९५६ मध्ये सुरू झाले. पुढील दशकात तेथे सुमारे ६,००० विद्यार्थी शिकत होते आणि ती जगातील सर्वांत मोठ्या कॅथलिक माध्यमिक शाळांत गणली जाई. २०१० मध्ये ती बंद झाली तेव्हा विद्यार्थी सातशेच्या आत होते.

३. सरकारी साहाय्य आणि न्यायालयाचा निर्णय

खर्चाचा हा भार सरकारने का उचलला नाही, हा प्रश्न भारतीय वाचकास साहजिकच पडेल. त्याचे उत्तर अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे. शासनाने कोणत्याही धर्माची प्रतिष्ठापना करू नये, असे तेथे म्हटले आहे. धार्मिक शाळा चालविण्याचा आणि पालकांनी मुलांना तेथे पाठविण्याचा हक्क १९२५ च्या पिअर्स खटल्यात मान्य झाला होता. परंतु शाळा चालविण्याचा हक्क वेगळा आणि सरकारी पैशाचा हक्क वेगळा. १९४७ च्या एव्हरसन खटल्यात बसभाड्याची भरपाई आणि १९६८ च्या ॲलन खटल्यात पाठ्यपुस्तके उसनी देणे वैध ठरले, कारण हा लाभ विद्यार्थ्याला मिळतो, शाळेला नाही, असा युक्तिवाद तेथे स्वीकारला गेला.

व्रतस्थ शिक्षक कमी होऊ लागताच पेनसिल्व्हेनिया राज्याने १९६८ मध्ये खासगी शाळांतील लौकिक विषयांच्या शिक्षकांच्या वेतनाची अंशतः भरपाई करणारा कायदा केला. लेमन विरुद्ध कर्ट्झमन या खटल्यात २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. विशेष हे की, त्याच दिवशी टिल्टन खटल्यात धार्मिक महाविद्यालयांना लौकिक उपयोगाच्या इमारतींसाठी दिलेले केंद्रीय अनुदान मात्र मुख्यतः वैध ठरले. महाविद्यालयीन विद्यार्थी प्रौढ असून धार्मिक संस्कारांचा त्याच्यावर तितका परिणाम होत नाही, हा भेद न्यायालयाने केला. त्यामुळे महाविद्यालयाची इमारत सरकारी पैशाने उभी राहू शकली आणि शाळेची राहू शकली नाही.

जुन्या शाळागृहांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय १९७३ चा होय. न्यूयॉर्क राज्याने १९७२ मध्ये अल्प उत्पन्नाच्या वस्तीतील खासगी शाळांना इमारतीच्या देखभालीसाठी व दुरुस्तीसाठी दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३० डॉलर, आणि इमारत पंचवीस वर्षांहून जुनी असल्यास ४० डॉलर देण्याची तरतूद केली. विद्यार्थ्यांचे आरोग्य व सुरक्षितता हा हेतू कायद्यात नमूद होता. नायक्विस्ट खटल्यात न्यायालयाने हे अनुदानही रद्द केले. या पैशातून प्रार्थनामंदिराची निगा राखली जाणार नाही, किंवा धर्मशिक्षण दिले जाते ती खोली दुरुस्त होणार नाही, याची कोणतीही खात्री कायद्यात नव्हती. पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती देता येते. छप्पर मात्र गणिताच्या आणि धर्माच्या वर्गावर सारखेच असते. या साध्या वस्तुस्थितीमुळे इमारत हा सरकारी साहाय्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड विषय ठरला.

त्यानंतर न्यायालयाची भूमिका बरीच बदलली आहे. २०१७ च्या ट्रिनिटी लुथरन खटल्यात चर्चच्या बालशाळेला क्रीडांगणाच्या पृष्ठभागासाठीचे अनुदान केवळ ती चर्चची आहे म्हणून नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. २०२२ मध्ये न्यायालयाने लेमन खटल्यातील कसोटीही सोडून दिली. तरीही मधल्या पन्नास वर्षांत जी डागडुजी झाली नाही तिचा भार त्यामुळे हलका होत नाही. पेनसिल्व्हेनियाने २००१ मध्ये सुरू केलेल्या करसवलतीच्या योजनेनुसार शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्या व्यापारी कंपनीस देणगीच्या ७५ टक्के, आणि दोन वर्षांची हमी दिल्यास ९० टक्के रक्कम करातून वळती मिळते. हा पैसा विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी आहे. म्हणजे गरीब मुलाला वर्गात आणण्यास राज्याचा अप्रत्यक्ष हातभार लागतो, पण तो वर्ग गळू नये याची व्यवस्था देणगीदारानेच करावयाची असते.

४. निधिमोहिमेची रीत

अमेरिकेतील संघटित निधिमोहिमेचे तंत्र कॅथलिकांचे नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पिअर्स यांनी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या इमारतींसाठी ते घडविले. ठरावीक रक्कम, ठरावीक मुदत, गटागटांत वाटलेले स्वयंसेवक आणि जमलेली रक्कम रोज जाहीर करण्याची पद्धत ही त्याची लक्षणे होत. पुढे महाविद्यालयांनी आणि रुग्णालयांनी ते उचलले. धर्मग्रामाच्या दानपेटीवर अवलंबून असलेल्या कॅथलिक शाळा या मार्गाकडे मोठ्या प्रमाणावर वळल्या त्या जुना आधार सुटल्यानंतरच.

आजच्या मोहिमेचे टप्पे साधारणतः ठरलेले असतात. प्रथम वास्तुविशारद व अभियंते इमारतीची पाहणी करून कामांचा क्रम लावतात. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने शाळांतील ॲस्बेस्टॉसची तपासणी व तिचा व्यवस्थापन-आराखडा सक्तीचा केला असून तो खासगी धर्मादाय शाळांनाही लागू आहे. त्यामुळे एखादी भिंत पाडण्यापूर्वीच खर्चाला सुरुवात होते. त्यानंतर शक्याशक्यतेची पाहणी केली जाते. बाहेरचा सल्लागार संभाव्य मोठ्या देणगीदारांना एकांतात भेटून शाळेविषयी त्यांचे मत आणि देण्याची तयारी अजमावतो. तिसरा टप्पा अप्रकट मोहिमेचा असतो. लक्ष्याची निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम या टप्प्यात वचनबद्ध झाल्याखेरीज मोहीम जाहीर केली जात नाही, कारण अयशस्वी होण्याची शंका आलेल्या कार्यास कोणी देत नाही. बहुतेक देणगीदार पूर्ण रक्कम एकदम न देता तीन ते पाच वर्षांत विभागून देण्याचे लेखी वचन देतात. मधल्या काळात बांधकाम चालू ठेवण्यासाठी शाळेला कर्ज काढावे लागते.

या टप्प्यांचा कणा म्हणजे देणग्यांची उतरंड. एक कोटी डॉलर जमवावयाचे आहेत असे उदाहरणादाखल मानू. त्यासाठी १५ लाखांची एक, १० लाखांच्या दोन, ५ लाखांच्या चार, अडीच लाखांच्या आठ आणि एक लाखाच्या पंधरा देणग्या मिळाल्या, तर ९० लाख पुरे होतात. हे देणारे अवघे तीस जण असतात. उरलेले १० लाख शेकडो लहान देणगीदारांकडून येतात. बॉल्टिमोरच्या परिषदेनंतरच्या काळात शंभर कुटुंबांनी थोडेथोडे देऊन जे साधले, ते आता तीस जणांनी मोठे देऊन साधावयाचे असते. उतरंड उलटी करून तीच रक्कम केवळ लहान देणग्यांतून उभी करण्याचे प्रयत्न क्वचितच सफल होतात, असा व्यावसायिकांचा अनुभव आहे.

यातून काही परिणाम ओघानेच येतात. मोठ्या देणगीदारास आपल्या नावाची पाटी लावता येईल अशी वस्तू हवी असते. व्यायामशाळा, नाट्यगृह, विज्ञानकक्ष यांना नाव देता येते. बॉयलर, सांडपाण्याचे नळ आणि विजेचे फलक यांना नाव देण्यास कोणी पुढे येत नाही. म्हणून जाणते संचालक नवीन विज्ञानकक्षाच्या खर्चातच त्याखालील नळांचा खर्च मिळवून मागतात. दुसरी गोष्ट भविष्यकाळाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींविषयी असे सुचविले की, इमारत पुन्हा बांधण्यास जो खर्च येईल त्याच्या शेकडा २ ते ४ इतकी रक्कम दरवर्षी देखभालीस ठेवावी. एक कोटीच्या नव्या बांधकामामागे हा खर्च वर्षाला दोन ते चार लाख होतो. मोहिमेच्या लक्ष्यातच देखभालीचा कायमनिधी धरला नाही, तर नवी इमारत पुढच्या पिढीवर जुनेच ऋण नव्याने लादते.

५. दोन शाळा, दोन परिणाम

फिलाडेल्फियाच्या ब्रॉड आणि व्हाइन या रस्त्यांच्या चौकात रोमन कॅथलिक हायस्कूलची इमारत आहे. १८७८ मध्ये निधन पावलेला व्यापारी टॉमस केहिल याच्या मृत्युपत्रातील संपत्तीतून ही शाळा १८९० मध्ये उघडली. मुलांसाठी शुल्क न घेणारी देशातील ही पहिली कॅथलिक माध्यमिक शाळा मानली जाते. पुढे शहराच्या मध्यभागाची वस्ती बदलली आणि १९८६ मध्ये शाळा बंद करण्याचा विचार पुढे आला. तेव्हा माजी विद्यार्थी संघटित झाले, त्यांनी निधी उभा केला आणि शाळा टिकली.

तिच्यापासून जवळच हॅलहन मुलींचे हायस्कूल होते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेली ही अमेरिकेतील मुलींसाठीची पहिली धर्मप्रांतीय कॅथलिक माध्यमिक शाळा. तिच्या इमारतीस मेरी हॅलहन मॅकमिचन या स्त्रीच्या दानाचा आधार मिळाला आणि तिच्या भावाचे नाव पुढे शाळेस देण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये घटत्या विद्यार्थिसंख्येमुळे ती बंद करण्याचे जाहीर झाले. माजी विद्यार्थिनींनी शाळा वाचविण्याचे प्रयत्न केले, परंतु निर्णय फिरला नाही. जून २०२१ मध्ये शाळा बंद झाली.

दोन्ही शाळांच्या भवितव्याला अनेक कारणे आहेत आणि एकाच कारणावर बोट ठेवणे योग्य होणार नाही. तथापि या तंत्राचा एक गुणधर्म येथे लक्षात घेण्याजोगा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या देणग्यांवर उभारलेला निधी हा त्या विद्यार्थ्यांना समाजाने चाळीस वर्षे कोणता वेतनमान दिला, त्याचे प्रतिबिंब असतो. ज्या पिढीत वकिली, व्यापार आणि बांधकाम या धंद्यांची दारे प्रामुख्याने पुरुषांना खुली होती, त्या पिढीतील मुलींच्या शाळेकडे १५ लाखांची देणगी देऊ शकणाऱ्या माजी विद्यार्थिनी कमी असणे स्वाभाविक आहे. हीच गोष्ट गरीब वस्तीतील शाळेची. तिच्यातून बाहेर पडलेले विद्यार्थी कृतज्ञ असतात, पण कृतज्ञतेतून बॉयलर बदलता येत नाही. म्हणजे इमारतनिधीची आवश्यकता जेथे सर्वांत अधिक, तेथे तो उभा राहण्याची शक्यता सर्वांत कमी.

या गुणधर्मावर सामूहिक उपाय काढण्याचा एक प्रयत्न याच शहरात झाला. जानेवारी २०१२ मध्ये महाधर्मप्रांताने वेस्ट कॅथलिक, सेंट ह्यूबर्ट, कॉनवेल-एगन आणि बॉनर-प्रेंडरगास्ट या चार माध्यमिक शाळा बंद होणार असल्याचे जाहीर केले. सात आठवड्यांत देणगीदारांनी काही कोटी डॉलरच्या निधीचा संकल्प करून एक कोटीहून अधिकची वचने मिळविली आणि फेब्रुवारीअखेर चारही शाळांना जीवदान मिळाले. त्याच वर्षी ‘फेथ इन द फ्यूचर’ नावाच्या स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सतरा माध्यमिक शाळांचे व्यवस्थापन सोपविण्यात आले. एकेका शाळेने आपल्यापुरते मागण्याऐवजी सर्वांसाठी एकत्र मागावे, हा त्यामागील विचार. तरीही २०२१ मध्ये हॅलहनबरोबर बिशप मॅकडेव्हिट हायस्कूलही बंद झाले. एकत्रित निधीलाही विद्यार्थिसंख्येची मर्यादा ओलांडता येत नाही, हे त्यातून दिसले.

६. मालकी आणि विश्वास

देणगीदाराच्या मनात आणखी एक प्रश्न असतो: दिलेला पैसा अखेर कोणाचा? चर्चच्या कायद्यातील १२६७ व्या नियमानुसार विशिष्ट कार्यासाठी दिलेले दान त्याच कार्यासाठी वापरावे लागते. परंतु शाळेची जमीन पुष्कळदा धर्मप्रांताच्या किंवा बिशपच्या नावे असते. २००४ मध्ये पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने बालकांवरील अत्याचारांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा धर्मग्रामांची व शाळांची मालमत्ता नुकसानभरपाईस पात्र ठरते की नाही हा वाद न्यायालयात उभा राहिला. फिलाडेल्फियात २००५ आणि २०११ च्या ग्रँड ज्युरी अहवालांनी याच प्रकारच्या अत्याचारांचा आणि त्यांवरील मौनाचा तपशील मांडला. पीडितांचा न्याय्य हक्क आणि देणगीदाराचा हेतू यांचा येथे संघर्ष होतो. त्यात पीडितांचे पारडे हलके मानणे कोणत्याही धर्मविचारास शोभणारे नाही. व्यवहारात याचा परिणाम असा झाला की, अनेक ठिकाणी शाळांनी स्वतंत्र नोंदणी केलेली विश्वस्त मंडळे स्थापिली, इमारतनिधी वेगळ्या खात्यात ठेवला आणि वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. पूर्वी धर्मगुरूच्या शब्दावर मिळणारा पैसा आता लेखापरीक्षकाच्या सहीवर मिळतो.

७. भारतीय परिस्थितीशी तुलना

मुंबईतील अनेक कॅथलिक शाळांचा आर्थिक पाया याहून भिन्न आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना, मिशनऱ्यांच्या शाळा धरून, अनुदान देण्याचे तत्त्व घातले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आणि अनुदान देताना अशा संस्थांबाबत भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. म्हणून अनुदानित कॅथलिक शाळेतील शिक्षकांचे वेतन मुख्यत्वे सरकार देते. अमेरिकेत धर्मभगिनींच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली, ती येथे त्याच तीव्रतेने जाणवली नाही. परंतु वेतन सुटले तरी इमारत सुटत नाही. जुन्या वास्तूचे नूतनीकरण येथेही बहुधा संस्था, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यावरच येते, आणि उतरंडीचा नियम येथेही लागू पडतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जुन्या शाळागृहाची दुरवस्था ही केवळ व्यवस्थापनाच्या हलगर्जीपणामुळे आलेली नसून ती विनामूल्य श्रमावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेच्या अंताची खूण आहे. दुसरी, न्यायालयाच्या निर्णयांमुळे इमारत हा सरकारी साहाय्यातून वगळलेला भाग राहिला आणि ती जबाबदारी देणगीदारांकडे गेली. तिसरी, देणगीची आधुनिक रीत कार्यक्षम असली तरी समतोल नाही; ती श्रीमंत माजी विद्यार्थी असलेल्या शाळेस बळ देते आणि गरिबांच्या शाळेस तिच्या नशिबावर सोडते. म्हणून एखाद्या मोहिमेचे यश मोजताना जमलेल्या रकमेबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतील: देखभालीसाठी किती राखून ठेवले, आणि नव्या प्रयोगशाळेत बसण्याचे शुल्क केहिलने ज्यांच्यासाठी आपली संपत्ती ठेवली त्या कामगारांच्या मुलांना परवडते काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर इमारत वाचली असली तरी शाळेचा मूळ हेतू वाचला असे म्हणता येणार नाही.